उडीची तार

कारखान्यात तिला सगळे बझरबाई म्हणत. खरं नाव फक्त हजेरीच्या वेळी ऐकू यायचं, आणि तेव्हाही शेजारची बाई तिला कोपराने ढोसून सांगायची, "अगं, तुलाच हाक मारतायत."

गाड्यांच्या पत्र्यामागे तारांच्या ज्या जाडजूड जुड्या धावतात, त्या या कारखान्यात बांधल्या जात. मेजासारखी आडवी ठेवलेली लांब फळी, तिच्यावर खिळे, आणि खिळ्यांमधून तारा ओढत न्यायच्या. लाल या वळणाने, पिवळी त्या वळणाने. एका फळीला दोघी बायका. एक अलीकडे, एक पलीकडे, समोरासमोर. दोन्ही टोकांना प्लग बसले की जुडी तपासायची. तारेच्या या टोकाला बझरची एक सुई, त्या टोकाला दुसरी. तार धड असली तर बझर वाजणार, कुठे तुटली असली तर गप्प बसणार. बाकीच्या बायका एकदा वाजला की जुडी पुढे ढकलत. ही दोनदा वाजवायची. दुसऱ्या वेळी तार वाकवून, हलवून, ताणून बघायची आणि कान बझरपाशी न्यायची, जणू तो तिला काही खासगी सांगणार आहे.

"बझरशी लग्न लावलंयस का गं?" सुपरवायझरबाई विचारायची.

"निदान विचारलं की उत्तर तरी देतो."

जुडी खराब निघाली की तिला लाल पट्टी बांधायची आणि जिने केली तिच्याच डोक्यावरच्या खिळ्याला ती टांगायची, अशी तिथली रीत. दिवसभर ती तिथे लोंबायची आणि येणारी-जाणारी तिच्याकडे बघून घ्यायची. बझरबाईच्या खिळ्यावर कधी काही लोंबलं नाही. शेवटी शेवटी ती त्यावर आपली डब्याची पिशवी अडकवायला लागली होती.

घरात माणसं तीन. ती, आई आणि धाकटा भाऊ. तिचं लग्न जमलं नाही आणि नंतर ते जमवायला कोणी बसलंही नाही. धाकटा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अंगाने काटकुळा, तोंडाने अखंड चालू. शिडीवर उभा राहून, पट्टी न लावता, हाताच्या लांबीएवढी सरळ रेघ एका दमात ओढायचा आणि खाली उतरून दुकानदाराला म्हणायचा, "मोजून घ्या. वाकडी निघाली तर दुकान माझं." ताई त्याला पेंटर म्हणायची. तो तिला आधी ताई म्हणायचा, पण कारखान्यातलं नाव एकदा त्याच्या कानावर गेलं आणि तेव्हापासून तोही बझरबाईच म्हणायला लागला. लाडात आला की मात्र ताई.

त्याची चैन म्हणजे एक जुना व्हिडिओ गेम. टीव्हीला जोडायचा डबा, त्याला वायरने जोडलेला एक कंट्रोलर. प्लॅस्टिक मूळचं कुठल्या रंगाचं होतं ते आता कोणी सांगू शकलं नसतं. चार दिशांची चार बटणं आणि उजव्या अंगठ्याखाली एक मोठं लाल बटण, उडीचं. पाठीवर पोतं घेतलेला एक बुटका माणूस पळत सुटायचा. शिड्या चढायचा, खड्डे ओलांडायचा. धाकटा दिवसभर शिडीवर उभा राहायचा आणि घरी आला की त्या बुटक्याला शिडीवर चढवायचा. ताईला त्यातलं काही कळत नसे. आई मात्र आपल्या खाटेवरून सगळा खेळ बघायची. तिला ऐकू कमी यायचं, पण नजर शाबूत होती.

"हा पोतंवाला दिवसभर पळतो आणि पोतं कधी उतरवत नाही," ती म्हणायची. "आहे तरी काय त्यात?"

"तुझी औषधं," धाकटा ओरडून सांगायचा.

असं बरं चाललं होतं. मग एके दिवशी धाकटा शिडीवरून घसरला. सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. पुन्हा घसरला. मग जिन्याच्या पायरीवर त्याचा पाय उचललाच गेला नाही आणि तो कठड्याला धरून नुसता उभा राहिला, कोणीतरी मागून ढकलेल याची वाट बघितल्यासारखा. दवाखाने झाले, तपासण्या झाल्या. स्नायूंतली ताकद हळूहळू उतरत जाणारा आजार निघाला. डॉक्टर तरुण होता आणि खोटं बोलायला अजून शिकला नव्हता. धाकटा आत पडद्यामागे कपडे घालत असताना त्याने ताईला दारापाशी बोलावलं.

"पाय असेच जात राहतील. हात अजून चांगले आहेत. उजव्या अंगठ्याकडे लक्ष ठेवा. त्याचा जोर कमी झाला की मला येऊन सांगा."

"म्हणजे तुम्ही औषध बदलाल?"

डॉक्टरने हातातलं पेन उघडलं, पुन्हा बंद केलं. "येऊन सांगा," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर धाकट्याने विचारलं, "काय कुजबुजत होता गं?"

"हात चांगले आहेत म्हणाला."

"ते मलाही माहितीये. त्याच्या दवाखान्याची पाटी कोणी रंगवली विचार त्याला. ग-ला पोटच नाही."

पाय गेले तसा तो जमिनीवरून उठेनासा झाला. जमिनीवर बसून खेळायची सवय. आता खुर्ची लागली, आणि खुर्ची भिंतीशी टेकवावी लागली, नाहीतर तो कलंडायचा. भिंतीपासून टीव्हीपर्यंत कंट्रोलरची वायर पोचेना. टीव्ही अलीकडे घ्यावा, तर तो जुन्या काळातला, मागे भलंथोरलं पोट असलेला. वडील सुतार होते. त्यांनी मोठ्या खोलीत फळ्यांची भिंत घालून आतली खोली काढली, तेव्हा टीव्हीसाठी समोरच्या कोपऱ्यात भिंतीतच ओटा बांधून घेतला आणि टीव्ही त्यात असा बसवला की बाहेर काढायचा तर आधी ओटा फोडायचा. वडील जाऊनही बरीच वर्षं झाली होती. ओटा फोडायचं नाव काढलं की आई भिंतीकडे तोंड करून झोपायची.

"वायर वाढवून दे की," धाकटा म्हणाला. "हत्तीच्या पोटात जाईल एवढी वायर तू रोज बांधतेस. मला हातभर देता येत नाही?"

तिला ते अगदी सोपं वाटलं. दोन प्लग, नऊ पिनांचे, बाजारात मिळण्यासारखे. एक नर, एक मादी. मध्ये तार. कंट्रोलर उघडायचा नाही, अशी धाकट्याने सक्त ताकीद दिली होती. मग काय, त्याची वायर या नव्या वायरला जोडायची आणि नवी वायर डब्याला. तारा तिने कारखान्यातल्या उरलेल्या तुकड्यांतून सुपरवायझरबाईला विचारून आणल्या. या गेमचा एक गुण होता. प्रत्येक बटणाला स्वतःची वेगळी तार. डावीकडची एक, उजवीकडची एक, उडीची एक. शिवाय सगळ्यांना मिळून एक सामाईक. म्हणजे कुठलं बटण बिघडलं ते तारेवरून कळावं आणि कुठली तार तुटली ते बटणावरून.

शिफ्टवरून आल्यावर दुपारी, बाहेरच्या खोलीत आईच्या खाटेशेजारी बसून तिने तारा सोलल्या, टोकं पिळली, एकेका पिनेवर कथलाचा थेंब सोडला. आईने वासाने नाक दाबून घेतलं. काम नेहमीसारखं देखणं झालं. नुसतं बघत राहावं असं. तिने मोठ्या थाटात ती वायर जोडली आणि धाकट्याने उजवीकडचं बटण दाबलं.

बुटका माणूस शिडी चढायला लागला.

त्याने वर दाबलं, तर माणूस धावत जाऊन खड्ड्यात पडला. डावीकडे दाबलं तर खाली वाकून बसला. धाकटा आधी चकित झाला, मग हसायला लागला. हसता हसता खुर्चीत घसरला आणि तिला त्याला काखेत धरून वर ओढावं लागलं.

"बझरबाई," तो डोळे पुसत म्हणाला, "हा तुझ्या कारखान्यात नोकरीला असेल. उजवीकडे जा म्हटलं की वर जातो."

तिचे कान लाल झाले. तारा वाजवून बघितल्या होत्या, प्रत्येक तार धड होती. पण कोणती तार कुठे जाते हे तिने बघितलंच नव्हतं. चूक कुठे झाली ते शोधायला तिला संध्याकाळ लागली. कारखान्यात फळीच्या पलीकडे दुसरी बाई असते. तिचं डावं ते आपलं उजवं. त्यामुळे पलीकडचं टोक मनातल्या मनात उलटं धरायची सवय हाताला लागलेली. घरी दोन्ही टोकं तिने एकाच जागी बसून केली, आणि समोर कोणीच नसताना दुसरं टोक उलटं धरलं. चार दिशांच्या चार तारा उलट्या क्रमाने बसल्या.

"लाल पट्टी आहे का घरात?" धाकट्याने विचारलं. "तुला पहिल्यांदा रिजेक्ट करायचा मान माझा."

पट्टी नव्हती. तिने रात्रीच्या जेवणाआधी वायर सुधारून दिली आणि विषय संपला. पण तो त्याने जपून ठेवला. घरी कोणी आलं की सांगायचा, आमच्या ताईने कधी चूक केली नाही म्हणता? मी दाखवतो.

खुर्चीही फार दिवस पुरली नाही. पाठ धरेना, तेव्हा त्याची खाट आतल्या खोलीत फळ्यांच्या भिंतीला लावून टाकली. दार उघडं ठेवलं की उशीवरून टीव्ही बरोबर दिसायचा. वायर पुन्हा अपुरी पडली. तिने पुन्हा तुकडे आणले, पुन्हा जोडले. आता ती डब्यापासून निघून आईच्या खाटेखालून, दाराच्या चौकटीला कडेकडेने चिकटून आत जायची. जेवढा तो टीव्हीपासून लांब जात होता, तेवढी ती वायर वाढवत होती. दुसरं काही वाढवायला तिच्या हातात नव्हतं.

आई त्या वायरीवरून तणतणायची. "मी अडखळून पडले तर मलाही त्याच्या शेजारी घाला."

"जागा नाही," आतून आवाज यायचा.

या लांब वायरीवर बुटका माणूस पुष्कळ दिवस नीट पळाला. मग एका दुपारी धाकट्याने हाक मारली.

"ताई, तुझ्या वायरीला काहीतरी झालंय. उडी लागत नाही."

तिने आत जाऊन बघितलं. माणूस खड्ड्याच्या काठाशी आला. धाकट्याचा अंगठा लाल बटणावर होता. माणूस सरळ खड्ड्यात गेला.

"बघ. दाबलं होतं मी."

"परत दाब."

परत तेच. तिसऱ्या वेळी उडी लागली, पण उशिरा, आणि माणूस पलीकडच्या कडेला आपटून पडला. बाहेरून आई म्हणाली, "आज त्याची तब्येत बरी नाही वाटतं."

ताई बाहेर आली. डब्यातून प्लग काढला. कारखान्यातून निकामी म्हणून मिळालेला एक जुना बझर तिने घरी आणून दुरुस्त करून ठेवला होता, तो काढला. प्लगच्या दोन पिनांना दोन सुया लावल्या. एक उडीची, एक सामाईक. तिकडे बटण दाबलं की इकडे वाजायला हवा.

"दाब," ती म्हणाली.

बझर गप्प.

"दाबलंस?"

"दाबलंय की!"

तिने पिना पुसल्या, सुया घट्ट धरल्या. "आता?"

बझर गप्प. मधल्या भिंतीच्या फळ्या पातळ होत्या. आत त्यालाही कळत होतं की काही वाजलं नाही.

"तुटलीच आहे," तो आतून म्हणाला. आवाजात जवळजवळ आनंद होता. "मला वाटलंच. तुझी वायर तुटली, बझरबाई!"

ती आत गेली, त्याच्या हातातून कंट्रोलर घेतला, म्हणाली, "बाहेर उजेडात बघते," आणि येऊन पुन्हा खाली बसली. सुया पायाच्या बोटांत नीट धरून तिने स्वतःच्या अंगठ्याने लाल बटण दाबलं.

बझर वाजला.

तो वाजतो न वाजतो तोच तिचा दुसरा हात त्याच्यावर पडला. विचार करून नव्हे. उतू जाणाऱ्या दुधाकडे हात जावा तसा. तळव्याखाली बझर माशीसारखा थरथरत राहिला आणि तिने बटणावरचा अंगठा काढल्यावर थांबला. आतून काही विचारणा झाली नाही.

तिने बझरवर घडी घातलेलं फडकं ठेवलं, त्यावर तळहात ठेवला आणि पुन्हा दाबलं. वाकवून, हलवून, ताणून, सवयीप्रमाणे. प्रत्येक वेळी हाताखाली तो थरथरला. तार लोखंडासारखी शाबूत होती. एकही जोड हलत नव्हता. इतकी चांगली वायर तिने कारखान्यातही क्वचित केली असेल.

आई तिच्याकडे बघत होती. "काय झालं गं? अशी का बसलीस?"

"काही नाही."

डॉक्टरचं उघडबंद होणारं पेन तिच्या डोळ्यांपुढे आलं. मग ती आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सापडलं रे. उडीच्या तारेचा जोड सुटलाय. माझंच चुकलं."

"मग!" आतून विजयी आवाज आला. "बझरबाईंचा माल रिजेक्ट! आणि या वेळी लाल पट्टी पाहिजे. मी ऐकणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिने कारखान्यातून लाल पट्टीचा तुकडा मागून आणला. सुपरवायझरबाई चाट पडली. "तुला कशाला गं ती?" ताई म्हणाली, घरी लागते. संध्याकाळी तिने आपल्याच हाताने त्या धडधाकट वायरीला ती बांधली आणि धाकट्याच्या खाटेवरच्या खिळ्याला वायर टांगली. तो उशीवर डोकं टेकून तिच्याकडे बघत राहिला. बऱ्याच दिवसांत त्याला इतकं खूश कोणी पाहिलं नव्हतं.

नवी वायर करायला तिने वेळ लावला. आणि तो दुपारी झोपलेला असताना, त्याची ताकीद मोडून, कंट्रोलरचे स्क्रू काढले. लाल बटणाखाली रबराची एक बारकी वाटी असते, तिच्यामुळे बटण दाबल्यावर परत वर येतं. ती वाटी तिने ब्लेडने कडेकडेने तासून पातळ केली. आता बटण नुसतं बोट ठेवलं तरी दबत होतं. नवी वायर जोडली आणि बुटका माणूस टुणकन उडाला.

"याला म्हणतात काम," धाकटा म्हणाला. "आधी लक्ष कुठे होतं तुझं?"

"वय झालं माझं."

"ते तर झालंच. तरी मी बोलत नव्हतो."

ती डॉक्टरकडे एकटीच जाऊन आली. अंगठ्याचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि कागदावर तीच औषधं पुन्हा लिहिली. फक्त या वेळी अक्षर जरा सावकाश काढलं. ती कागद घेऊन उठली, तेव्हा तोही उठून उभा राहिला आणि दोघांनाही पुढे काय करायचं ते कळेना.

तासलेल्या रबराने थोडे दिवस काढले. मग पुन्हा हाक आली. पुन्हा तिने फडक्याखाली बझर ठेवून तपासायचं सोंग केलं, पुन्हा म्हणाली, जोड सुटलाय. रबर आणखी तासलं. पुन्हा वायर केली. खिळ्यावर लाल पट्टीची एक होती, दोन झाल्या, मग एक जुडगाच झाला. कारखान्यात जिच्या डोक्यावर कधी काही टांगलं गेलं नाही, तिचा सगळा माल इथे भावाच्या डोक्यावर लोंबत होता, आणि त्यातला एकही खराब नव्हता. शेजारची कोणी बघायला आली की धाकटा डोळ्याने तो जुडगा दाखवायचा. "आमच्या ताईच्या हाताला आता काम जमत नाही," तो म्हणायचा. "कारखान्यात कळवू नका, उगाच नोकरी जायची."

ती ऐकून घ्यायची. कधी शेजारीण तिच्याकडे दयेने बघायची, तेव्हा तिच्या जिभेच्या टोकावर उत्तर यायचं. ती ते चहाबरोबर गिळायची.

मग रबर तासायलाही उरलं नाही. बटण आता नुसत्या फुंकरीने दबेल असं झालं होतं.

एका संध्याकाळी, अजून उजेड होता, त्याने तिला आत बोलावलं. कंट्रोलर त्याच्या पोटावर ठेवलेला होता. हात शेजारी पडलेले.

"ही पण वायर गेली," तो म्हणाला.

"बघते."

"थांब. तू बझर लावतेस, काय करतेस, मला काही दिसत नाही. आज माझ्यासमोर बघ. तू खेळ."

"मला कुठे येतं?"

"उजवीकडचं दाबून धर आणि पहिला खड्डा आला की लाल दाब. एवढंच. तुझ्या अंगठ्यालाही उडी लागली नाही, तर वायर खराब. लागली तर..." त्याने डोळ्याने कंट्रोलर दाखवला. "खेळ ना ताई. कळू दे एकदा."

तिने कंट्रोलर उचलला. त्याच्या हाताची ऊब अजून प्लॅस्टिकला होती. ती खाटेच्या कडेला बसली. बाहेर आई उशीवर रेलून टीव्हीकडे तोंड करून होती.

"आज ही खेळतेय?" आई म्हणाली. "झालं! पोतंवाल्याचं काही खरं नाही."

माणूस पळायला लागला. शिडी आली, गेली. जमीन संपायला आली. लाल बटणावर तिने अंगठा ठेवला, अलगद, काचेवरच्या धुळीवर ठेवावा तसा, श्वास रोखून. एवढ्या हलक्या झालेल्या बटणावर अंगठा ठेवायचा आणि ते दाबायचं नाही, हे काम तिच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड होतं. खड्डा आला.

माणूस पडला.

"पडला!" आई बाहेरून ओरडली. "मी म्हणाले नव्हते?"

"बघितलंस?" ताई म्हणाली. "दाबलं तरी लागत नाही. वायरच आहे."

तिने मान वळवली. धाकटा टीव्हीकडे बघत नव्हता. तो तिच्या अंगठ्याकडे बघत होता. त्याची ती नजर तिला ठाऊक होती. शिडीवर चढून ब्रश टेकवायच्या आधी तो पत्र्याकडे असंच बघायचा. ब्रश टेकला की नाही, केवढा टेकला, हे त्याला दुसऱ्या कोणी सांगावं लागत नसे.

टीव्हीवर माणूस पुन्हा सुरुवातीच्या जागी येऊन उभा राहिला, पोतं घेऊन.

"वायरच आहे," धाकटा म्हणाला.

"हो."

"मग कर बाई नवीन." तो छताकडे बघायला लागला. "सावकाश कर. मला घाई नाहीये."

तिने वायर गुंडाळली आणि कंट्रोलर घेऊन बाहेर आली. कात्री, पक्कड, कथील, सगळं मांडलं. काय करायचं ते सुचत नव्हतं, म्हणून हाताने नेहमीचं काम सुरू केलं. बझर काढला, सुया लावल्या, फडक्याची घडी त्याच्यावर ठेवली आणि तिच्यावर तळहात दाबला.

"ताई."

"काय रे?"

"झाकू नकोस त्याला. वाजू दे."

तिचा हात तिथेच राहिला. आई एकदा तिच्याकडे, एकदा दाराकडे बघत होती. काय बोलणं चाललंय, तिला उमगत नव्हतं.

"वाजू दे गं," आतून पुन्हा आवाज आला. "तुझं काम कसं असतं, ऐकू तरी दे."

तिने हात काढला. फडकं बाजूला केलं. मग लाल बटणावर अंगठा ठेवला आणि या वेळी दाबला, आणि दाबून धरला. बझर वाजायला लागला, स्वच्छ, कुठे न अडखळता. दुसऱ्या हाताने तिने तार वाकवली, हलवली, ताणली. तो वाजतच राहिला. सगळ्या घरात तो आवाज भरला. भिंतीच्या फळ्यांमधून आत गेला.

आई उशीवरून अर्धी उठली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बझर तिच्या कानांपर्यंत पोचला होता.

"अगं, दारावर कोण आलंय बघा!"

ताईने अंगठा काढला नव्हता.

"कोणी नाही आई," आतून धाकटा म्हणाला. "ताई काम करतेय."